चालू नोकरी सांभाळून डिझाइन सॉफ्टवेअर शिकायचं आणि लाइन बदलायची, तर नेमकं काय काय करायचं

१२ वर्षं मी अकाउंट्समध्ये होतो. व्हाउचर, लेजर, दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत रात्री बसणं, सगळं केलं. ३७व्या वर्षी डिझाइनकडे वळलो, आता फुलटाइम तेच करतो, आणि महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतातच की मला पण लाइन बदलायचीय, कुठला कोर्स करू? प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलंय, निवांत वाचा.

आधी एक किस्सा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. माझं पैसे मिळालेलं पहिलं काम म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड. स्क्रीनवर झकास दिसत होतं, गडद निळा बॅकग्राउंड आणि त्यावर पांढरी अक्षरं. छापून आलं तर ५०० पैकी निम्म्या कार्डांना एका बाजूला केसाएवढी पांढरी रेघ. मी निळा रंग कार्डाच्या कडेपर्यंतच आणून थांबवला होता, कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर ब्लीड सोडलाच नव्हता, आणि कटिंगचं पातं जरा इकडेतिकडे झालं की कोरा कागद दिसणारच ना. प्रेसवाला फोनवर एवढंच म्हणाला, "ब्लीड कुठाय हो यात?" मला तो शब्दच माहीत नव्हता. त्याआधी सहा महिने मी ग्रेडियंट आणि थ्रीडी अक्षरांचे व्हिडिओ बघत होतो, बोला! पुढच्या माणसाला आपल्याला फोन न करता वापरता येईल अशी फाइल, पैसे त्याचे मिळतात. म्हणून शिकायचं ते त्या फाइलीपासून उलटं मागे येत.

पायरी १: कुठलं डिझाइन, ते आधी

"डिझाइन" हा एक धंदा नाहीये. छपाई आणि पॅकेजिंगवाले इलस्ट्रेटर, इनडिझाइन, फोटोशॉपमध्ये असतात. ॲप आणि वेबसाइटच्या स्क्रीन करणारे फिग्मात. व्हिडिओत अक्षरं-चित्रं हलवणारे आफ्टर इफेक्ट्समध्ये, थ्रीडीवाले ब्लेंडर नाहीतर मायामध्ये, आणि इमारती किंवा मशीनचे पार्ट काढणारे ऑटोकॅड, रेव्हिट, सॉलिडवर्क्समध्ये. सगळं थोडंथोडं येणारा माणूस मुलाखतीत कुठेच बसत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

ठरवायचं कसं? मी जे केलं ते सांगतो, अकाउंटंटचीच युक्ती आहे. नोकरीच्या ३० जाहिराती काढा, तुम्हाला जिथे काम करायचंय तिथल्या आणि नवशिक्यांसाठीच्या. एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये पद, दुसऱ्यात मागितलेली सॉफ्टवेअर, तिसऱ्यात काय काम करायचं ते जसंच्या तसं कॉपी. दोन संध्याकाळी जातात. माझ्या शीटमध्ये मी ज्याच्या मागे लागलो होतो त्या थ्रीडीचं नाव ३० पैकी फक्त २ ठिकाणी निघालं आणि "दिलेल्या डिझाइनचे वेगवेगळ्या साइजमध्ये ॲडॅप्टेशन करणे" हे वाक्य शब्द बदलून १७ ठिकाणी. मग काय, थ्रीडी बंद.

अजून एक गोष्ट बघा, ती म्हणजे तुमचं जुनं काम. ते फेकून द्यायचं नसतं. शिक्षकाला धडा कसा तोडायचा ते कळतं, तो ई-लर्निंगच्या स्क्रीन करताना इतरांच्या पुढे असतो. साइटवर सुपरवायझर असलेला माणूस कॅडमध्ये आला तर त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवावं लागत नाही. मला आकड्यांचे तक्ते, वार्षिक अहवाल, डॅशबोर्ड यांची भीती नव्हती, बाकी डिझायनर त्या कामापासून पळतात, आणि माझं निम्मं काम अजूनही तिथूनच येतं.

पायरी २: मशीन

यावर फार वेळ घालवू नका. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि बऱ्यापैकी स्क्रीन असेल तर ग्राफिक आणि यूआयचं, म्हणजे ॲप-वेबच्या स्क्रीनचं, सगळं शिकता येतं. फिग्मा तर ब्राउझरमध्येच चालतं. थ्रीडी आणि व्हिडिओला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते तेव्हा बघा. पेन टॅब्लेट चित्र काढणाऱ्यांना, बाकीच्यांना साधा चाकवाला माउस पुरे, पण माउस हवाच, टचपॅडवर पेन टूल (बिंदू टाकत रेषा काढायचं टूल) शिकायला बसलात तर आठ दिवसांत मनगट बोलायला लागेल. माझं लागलं होतं.

पायरी ३: एक सॉफ्टवेअर, एकच

आधी एक मूळ फरक, कारण यात गोंधळ असला की पुढे सगळाच गोंधळ. फोटोशॉप १९९० चं आणि ते पिक्सेलवर चालतं, म्हणजे चौकटीचौकटींच्या कापडावर रंग भरल्यासारखं, मोठं केलं की चौकटी दिसायला लागतात. इलस्ट्रेटर त्याच्याही आधीचं, १९८७ चं, आणि त्यात रेषा गणिताने साठवलेली असते, त्यामुळे तोच लोगो पेनवर घ्या नाहीतर भिंतीएवढा करा, कड तशीच धारदार. त्यामुळे लोगो फोटोशॉपमध्ये करायचा नाही. इतके जण करतात ना, आणि मग बोर्डवाला फाइल मागतो तेव्हा परत पहिल्यापासून काढत बसतात.

फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीचं सगळं २०१३ पासून भाड्याने झालंय. ट्रायल ७ दिवसांची असते, तेवढ्यात काही शिकून होत नाही, म्हणून ट्रायल घ्यायच्या आधीच पहिल्या आठवड्याचा प्लॅन लिहून ठेवा. आणि पैसे भरताना नीट वाचा, "वर्षाचा प्लॅन, हप्ता महिन्याला" असा एक पर्याय असतो, तो मध्येच बंद केला तर दंड लागतो. बऱ्याच जणांना हे बंद करायला जातात तेव्हाच कळतं.

फुकटात सुरुवात करायची तर रेषांच्या कामाला इंकस्केप, चित्राला क्रिता, फोटोला गिंप, थ्रीडीला ब्लेंडर, आणि फिग्माचा फुकट प्लॅन शिकण्यापुरता पुरतो. पेन टूल, लेयर, मास्क, ग्रिड या गोष्टी सगळीकडे त्याच आहेत, फक्त बटणांच्या जागा वेगळ्या. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र नको, नीतीचं तुमचं तुम्ही बघा पण त्यासोबत व्हायरस येतात आणि क्लायंटच्या फाइली त्याच मशीनवर असतात.

एकाच सॉफ्टवेअरवर जीव लावू नका असंही सांगतो, ऐकायला उलटं वाटेल. फ्लॅशवर, म्हणजे वेबवरची हलती चित्रं करायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, करिअर केलेली माणसं होती, २०२० च्या शेवटी ते कायमचं बंद झालं. ॲडोबीने २०२२ मध्ये फिग्मा २० अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं, डिसेंबर २०२३ मध्ये तो सौदा मोडला, आणि त्याच सुमारास ॲडोबीचं स्वतःचं फिग्मासारखं सॉफ्टवेअर एक्सडी मात्र बाजूला पडलं. ज्यांना एक्सडीची फक्त बटणं पाठ होती ते अडकले, ज्यांना स्क्रीन का तशी मांडायची ते कळत होतं ते महिन्याभरात फिग्मावर गेले. म्हणून हात एकावर बसवा, पण प्रत्येक टूल काय करतं ते साध्या मराठीत स्वतःच्या वहीत लिहा.

पायरी ४: पहिले सहा आठवडे हात बसवायला

इथे लोक घाई करतात. रोज दीड तास द्या, रविवारी सहा तास एकदम बसण्यापेक्षा ते बरं, कारण हाताला सवय रोजची लागते.

पेन टूलचं उदाहरण घेऊ. "क" हे अक्षर मोठं करून छापील पुस्तकातून फोटो काढा, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये आणून लॉक करा आणि त्यावर पेनने गिरवा. पहिल्या दिवशी मी डावी गोलाई गिरवायला १९ बिंदू टाकले होते आणि ती गोलाई चावलेल्या पोळीसारखी दिसत होती. खरं तर तिथे चार-पाच बिंदू पुरतात. बिंदू टाकायचा तो गोलाईच्या सगळ्यात वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकाला, आणि त्याचे हँडल (बिंदूतून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या) सरळ आडवे नाहीतर सरळ उभे ओढायचे, शिफ्ट दाबून ठेवलं की ते आपोआप सरळ राहतात. दोन बिंदूंच्या मध्ये वळण नको तसं येतंय म्हणून तिसरा बिंदू टाकावासा वाटतो, तिथे हात आवरायचा आणि हँडलची लांबी बदलून बघायची. आठवडाभर रोज दोन अक्षरं. "श्र", "ळ", "ज्ञ" शेवटी ठेवा, घाम काढतात.

शॉर्टकट पाठ करत बसू नका, वापरून बसतात. इलस्ट्रेटरला व्ही, ए, पी, टी एवढे चार पहिल्या आठवड्यात, म्हणजे सिलेक्ट, बिंदू सिलेक्ट, पेन आणि अक्षर. स्पेस दाबून पान सरकवायचं. फिग्मात एफ ने फ्रेम आणि शिफ्ट ए ने ऑटो लेआउट (आतला मजकूर बदलला की चौकट आपोआप जुळवून घेते ते), आणि हे ऑटो लेआउट नीट शिका, अर्धं फिग्मा तेच आहे. चिठ्ठी लिहून स्क्रीनला चिकटवा आणि पंधरा दिवसांनी काढून फेका.

तिसऱ्या आठवड्यापासून नक्कल. हो, नक्कलच. एखादं चांगलं तिकीट, औषधाचं खोकं, वर्तमानपत्राचं अर्धं पान, बँकेच्या ॲपची एक स्क्रीन घ्या आणि हुबेहूब परत बनवा, मोजपट्टी लावून. मूळ समोर ठेवून बनवताना कळतं की त्या माणसाने समास किती सोडलाय, मथळा मजकुराच्या किती पट आहे, तीनच रंगांत कसं भागवलंय. दहा नकला झाल्या की नजर बदलते. फक्त त्या स्वतःच्या म्हणून कुठे दाखवायच्या नाहीत.

कोर्स करायचा का?

केलात तरी चालेल, न केलात तरी. मी एक केला होता, नाव सांगत नाही, तीन महिने शिक्षक स्वतःची स्क्रीन दाखवत होता आणि आम्ही मागे मागे क्लिक करत होतो, शेवटी ३० जणांचं पोस्टर एकच. सर्टिफिकेट आजपर्यंत मला एकानेही मागितलं नाही. भरती करणारे पोर्टफोलिओ उघडतात आणि दोन मिनिटांत बंद करतात, त्यात सर्टिफिकेटचं पान बघायला वेळ कुणाला. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझं काम कोण तपासणार, आणि चूक लेखी सांगणार का? याचं उत्तर "ग्रुपवर शेअर करा" असं आलं तर यूट्यूब बरं. स्वतःहून रोज बसणं जमत नसेल, तर मात्र कोर्सच्या तारखांचा धाक कामी येतो, हे प्रामाणिकपणे मान्य.

पायरी ५: देवनागरी नीट बसवायला शिका

हे आपल्या लोकांनी खास वाचावं. इंग्रजी शिकवण्यांमध्ये हे कधीच नसतं आणि येणारी माणसं कमी आहेत. इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर पेस्ट केला आणि साधा कंपोझर (अक्षरं जुळवून ओळीत मांडणारी सेटिंग) चालू असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते, रफार वर चढत नाही, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. लोकांना वाटतं फॉन्ट खराब आहे. फॉन्ट ठीक असतो, पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा असतो. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिपींचे पर्याय चालू करायचे, मग पॅराग्राफ पॅनेलमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर सापडतो.

दुसरं म्हणजे जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर. तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारा मजकूर, नसतो, फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरमधून काढायचा आणि नंतर एकदा डोळ्यांनी वाचायचाच, र्‍ह, ऱ्य, ॲ अशा जागी हमखास घोटाळे होतात. तिसरं, मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा मराठी लावली की आपला येतो. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळणारे फॉन्ट सरावाला उत्तम. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, वर मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा "कू" खालच्या "कै"च्या डोक्यावर बसतो.

पायरी ६: फाइल देणं

हाच तो धंदा. छपाईची फाइल पाठवायच्या आधी मी अजूनही हे बघतो.

ब्लीड सगळीकडून ३ मिलिमीटर, आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून आतही तेवढाच लांब, कमीत कमी. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी (के) या चार शायांचे. स्क्रीनवरचा चमकता हिरवा आणि निळा कागदावर तसा येत नाही कारण स्क्रीन प्रकाश फेकते आणि शाई प्रकाश खाते, हे क्लायंटला छापायच्या आधी सांगा, नंतर सांगितलं तर ते कारण वाटतं. फोटो छापायच्या आकारात ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल), म्हणजे पूर्ण ए४ ला २४८० बाय ३५०८ पिक्सेल. मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेला १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो त्या हिशेबाने १० सेंटिमीटरच होतो, मोठा छापला तर फुटणार. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के. चारही शायांचा काळा असेल आणि एखादी प्लेट किंचित सरकली की अक्षराभोवती रंगीत सावली येते. फॉन्ट आउटलाइन केलेली (अक्षरांची चित्रं झालेली, मजकूर बदलता न येणारी) एक प्रत पाठवायला आणि मजकूर जिवंत असलेली एक प्रत स्वतःकडे. मी एकदा एकच प्रत ठेवली होती, तीही आउटलाइन केलेली, आणि क्लायंटने फोन नंबर बदलायला सांगितला... ४० पानं परत.

इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये पॅकेज म्हणून कमांड आहे, ती लिंक केलेले फोटो आणि लायसन्समध्ये चालतील ते फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करते. ते फोल्डर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. स्वतःच्या मशीनवर सगळंच उघडतं.

स्क्रीनच्या कामात पुढचा माणूस डेव्हलपर असतो. त्याला "रेक्टँगल ४७" नावाचे लेयर देऊ नका. बटण एकदाच कंपोनंट (परत परत वापरायचा साचा) म्हणून बनवा, त्याच्या दाबलेल्या, बंद पडलेल्या, लोड होणाऱ्या सगळ्या अवस्था द्या. बोटाने दाबायची जागा ॲपलच्या सूचनेत ४४ पॉइंट आणि गूगलच्या मटेरियल या डिझाइन नियमावलीत ४८ डीपी आहे (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनची मापं), त्याखाली जाऊ नका. साध्या मजकुराचा बॅकग्राउंडशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो, वेबच्या सुलभतेच्या नियमांतच आहे ते. फिकट करडी अक्षरं नाजूक दिसतात खरी, पण उन्हात मोबाइल धरला की गायब. आणि रिकामी स्क्रीन, एरर आलेली स्क्रीन, फार लांब नाव आलेली स्क्रीन, हे तिन्ही करा. नवशिक्यांच्या फाइलीत नावं कायम सहा अक्षरी असतात.

पायरी ७: पोर्टफोलिओ

चार-पाच कामं बास. वीस ठेवलीत तर बघणारा त्यातलं सगळ्यात वाईट लक्षात ठेवतो.

खरं काम नसेल तर सरावाचं ठेवा पण "सरावासाठी" असं स्पष्ट लिहा, मोठ्या ब्रँडचा लोगो लावून खोटा क्लायंट दाखवलात तर एका प्रश्नात उघडं पडतं. त्यापेक्षा जुन्या कामातला एखादा गचाळ फॉर्म घ्या. मी आमच्या ऑफिसातला खर्चाचा फॉर्म घेतला होता, नाव-आकडे बदलून, ज्यात लोक हमखास तारीख चुकीच्या रकान्यात भरायचे. आधीचा फॉर्म, लोक कुठे चुकतात ते, दोन फसलेले प्रयत्न आणि शेवटचा, असं चार चित्रांत मांडलं. मुलाखतीत सगळा वेळ त्याच्यावरच गेला, पोस्टरांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येक कामाखाली तीन-चार ओळी पुरे: अडचण काय होती, मी काय बदललं, का. आणि टीममध्ये केलेलं असेल तर त्यातलं माझं किती, ते.

एआयचं विचारतातच सगळे. फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल २०२३ मध्ये आलं, बॅकग्राउंड वाढवणं, तार पुसणं ही तासाभराची कामं मिनिटात होतात, मी रोज वापरतो. त्यामुळे नुसतं कटआउट करून देणाऱ्याचं काम घटणार हे उघड आहे. पण वाकडी जोडाक्षरं, ब्लीड नसलेली चित्रं आणि सुटे न होणारे लेयर हे दुरुस्त करायला अजून माणूसच बोलावतात. वापरलंत तर सांगा की वापरलंय.

पायरी ८: पहिली कामं आणि नोकरी कधी सोडायची

मला पहिलं काम नवव्या महिन्यात मिळालं, नोकरी चौदाव्या. तुम्हाला कमी-जास्त लागेल. नोकरी सोडून शिकायला बसू नका, पैशाची चिंता डोक्यावर असली की माणूस शिकायचं सोडून मिळेल ते काम करतो आणि तिथेच अडकतो. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आणि हातात लेखी ऑफर, मग राजीनामा.

पहिली जागा बहुतेक प्रॉडक्शनची मिळेल, म्हणजे दुसऱ्याने केलेलं डिझाइन वीस साइजमध्ये बसवा, फोटो साफ करा, मजकूर बदला. घ्या ती. कंटाळवाणी वाटते पण सीनियरच्या उघड्या फाइली बघायला मिळतात, त्यात लेयर कसे लावलेत, ग्रिड कशी आहे, स्टाइल कशा बांधल्यात, हे कुठल्याच कोर्समध्ये नसतं. वयाने लहान असलेला पोरगा आपला सीनियर असतो आणि तो म्हणतो "दादा, हे अलाइन नाहीये", तेव्हा पहिले पंधरा दिवस जरा टोचतं. तो बरोबर असतो.

मुलाखतीआधी टेस्ट देतात. दोन-चार तासांची असेल तर करा, आठवडाभराची आणि त्यांच्याच चालू क्लायंटची असेल तर पैसे मिळणार का ते सरळ विचारा. फ्रीलान्स करत असाल तर काम सुरू करण्याआधी मेलवर चार गोष्टी लिहून घ्या: काय काय देणार, बदल किती वेळा, मूळ फाइल देणार की फक्त पीडीएफ, आणि ॲडव्हान्स किती. मी "बदल दोनदा" हे लिहायला विसरलो होतो एका ब्रोशरला, अकरा वेळा बदललं आणि शेवटी क्लायंटला पहिलंच आवडलं. ते पहिलं माझ्याकडे होतं म्हणून वाचलो, कारण फाइलींना मी फायनल, फायनल २, फायनल खरंच अशी नावं न देता अकाउंट्सच्या सवयीने तारीख आणि व्हर्जन नंबर टाकतो: क्लायंट, काम, २०२४-०३-११, व्ही ०१. एका मिनिटात सापडलं, पाठवलं, आणि त्याच मेलमध्ये उरलेल्या नऊ बदलांचं बिल जोडलं.